तेवीस नंबरचा बगळा

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आत्या म्हणायची, "याच्या पायाला भिंगरी हाय, खुंट्याला बांदा याला." पुढे बोईसरच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तिथे बसायला उंच स्टूल होतं. त्या स्टुलावर मी सलग दहा मिनिटं बसल्याचं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढे यावं. बाटलीत सॅम्पल ढवळताना पाय हलायचे, वहीत आकडे लिहिताना पाय हलायचे. लग्न झाल्यावर बायकोनं आठवड्याभरात सांगून टाकलं की तुमच्याबरोबर एका ताटात जेवायचं म्हणजे एस.टी.त बसून जेवल्यासारखं वाटतं.

अशा माणसाला फोटो काढायचा नाद लागावा, हे नवलच. पण लागला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही सरावलीला भाड्याच्या खोल्यांत राहायचो. आमच्यातल्या एका फिटरकाकांचा मेव्हणा बोटीवर होता, त्यानं त्यांना एक छोटा कॅमेरा आणून दिला होता. हाताच्या तळव्यात मावेल एवढा, काळा, वर बोटाएवढी बघायची खिडकी. काकांनी घरातल्यांचे फोटो काढून झाले, मेव्हण्याचे काढून झाले, मग त्यांना कंटाळा आला आणि एका रविवारी त्यांनी समोरच्या शेतातल्या म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल टिपला. तो फोटो धुऊन आला तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या खोलीत होतो. काळा पक्षी, काळी म्हैस, आणि मधे शेपटीचं ते दुभंगलेलं टोक स्वच्छ दिसत होतं. हातोहात फोटो फिरला. काका म्हणाले, "आता कॅमेरा चौघांचा."

चौघं म्हणजे काका, बॉयलरवर काम करणारा एक उत्तरेकडचा गंभीर माणूस, मी, आणि एक ऑपरेटर, मनोरच्या पुढे डोंगराकडचा, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी धाकटा. तो मला दादा म्हणायचा. कंपनीत तो टेम्पररी होता.

रोल छत्तीस फोटोंचा. प्रत्येकाला नऊ. कॅमेरा एकाकडून दुसऱ्याकडे जाई, नऊ झाले की पुढच्याच्या हातात. आमचे नियम दोनच होते, पण कडक. पहिला, फोटोत माणूस दिसता कामा नये. एकदा माणूस घेतला की सगळ्यांचे भाचे, पुतणे आणि साखरपुडे आत शिरणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुसरा, कॅमेऱ्याबरोबर एक वही फिरेल आणि तिच्यात प्रत्येक फोटो काढल्याबरोबर लिहायचा. तीन रकाने: नंबर, काय, कुठे. "बटण दाबलं की लिवायचं, नायतर मागून बाता मारतात," काका म्हणायचे.

रोल संपला की काका पालघरला जाऊन धुवायला टाकत. काळा-पांढरा रोल, त्यामुळे मुंबईला पाठवायची गरज नसे. पालघर स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत तो तिथल्या तिथे धुतला जाई. मग रविवारी सरावलीला बैठक. चटईवर फोटो मांडायचे, कडेला धरून उचलायचे, वहीशी ताडून बघायचे. काकांचं सगळं म्हशीभोवती. बॉयलरवाला फक्त झाडं काढायचा, त्यातही कडुनिंब दिसला की तीन-तीन. "हमारे यहाँ हर आँगन में होता है," एवढंच बोलायचा आणि पुन्हा गप्प. माझे फोटो निम्मे हललेले, कारण मी निम्मा हललेला. खेकडा काढायला गेलो तर बीळ यायचं, खंड्या काढायला गेलो तर हलणारी फांदी यायची. ऑपरेटर मात्र दगडासारखा बसायचा. एकदा बेटेगावच्या बांधावर त्यानं सरड्याचा फोटो काढायला दुपारभर काढली. सरडा कंटाळून जवळ आला असावा.

रोल भरायला आणि काढायला त्यांना मी शिकवलं होतं, कारण लॅबवाला म्हणून मला सगळं येतं असा समज होता. ते नीट सांगायला हवं. रोल आपल्या डबीतून बाहेर येत येत दुसऱ्या बाजूच्या दांड्यावर गुंडाळला जातो. छत्तीस झाले की सगळा रोल डबीबाहेर, दांड्यावर असतो. तेव्हा कॅमेऱ्याची पाठ उघडायची नाही. खालचं बटण दाबून, वरची चावी फिरवून रोल पुन्हा डबीत घ्यायचा आणि मगच उघडायचं. न फिरवता उघडलं तर उजेड लागून रोल जळतो. त्यातही शेवटी काढलेले फोटो गुंडाळीच्या बाहेरच्या बाजूला असतात, ते आधी जळतात. आतले थोडे वाचू शकतात. एक जुना रोल हातात घेऊन मी हे त्यांना करून दाखवलं होतं. "आधी मागे फिरवा, मग पाठ उघडा." ते तिघं शाळेतल्यासारखे पुटपुटले होते.

आता नाल्याचं.

मी मूळचा सातपाटीचा, पण आत्याला खाडीकाठच्या एका गावात दिली होती. त्या खाडीत आमच्या औद्योगिक वसाहतीतले नाले जात. माझ्या कंपनीचाही एक. रोज सकाळी अकरा वाजता त्या नाल्याच्या पाण्याचं सॅम्पल माझ्या टेबलावर येई. ते नेहमी चांगलं असे, कारण अकरा वाजता चांगलंच पाणी सोडलेलं असे. बाकीच्या वेळी काय सोडतात, ते मला कुणी आणून देत नव्हतं आणि मीही मागत नव्हतो. वहीत सही करत होतो. तीन वर्षं माझ्या सहीनं ते पाणी चांगलं होतं.

त्या चैत्रात आत्या टोपली घेऊन सरावलीच्या खोलीवर आली. टोपलीत निवट्या होत्या, चिखलात उड्या मारणारी ती ओबडधोबड मासळी, आणि दोन-चार बोय मासे. सगळं मेलेलं, पोटं पांढरी, आणि वास मासळीचा नाही, औषधाचा.

"ह्ये बघ," आत्या म्हणाली. "तुजी कंपनी काय सोडते रे पान्यात?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"तुला नाय म्हाईत तर कुनाला म्हाईत? तू पानीच तपासतोस ना?"

बायको चहा ठेवायला आत गेली, ती बराच वेळ आली नाही. आत्यानं चहा घेतला नाही. जाताना म्हणाली, "तुज्याकडं तो फोटूचा डबा हाय ना? सकाळचा ये नाल्याच्या तोंडाशी. फोटू काड. गावातले चार जन मामलेदाराकडं जानार हायेत, हातात काय तरी पायजे त्यांच्या."

तेव्हा कॅमेरा माझ्याकडे होता. एकोणीस ते बावीस नंबर झाले होते: खेकड्याचं बीळ, सुगरणीचं अर्धवट घरटं, पुन्हा तेच घरटं हललेलं, आणि करवंदाची जाळी. दोन दिवस मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर सायकल काढली आणि नाल्याच्या तोंडाशी गेलो. ओहोटी होती. सिमेंटचा पाइप, त्यावर रंगानं लिहिलेला आमच्या प्लॉटचा नंबर, आणि खाली चिखलात मेलेले बोय, इतके की चिखल दिसू नये. पाण्याला पिवळट फेस. आयुष्यात पहिल्यांदा माझे हात हलले नाहीत. एकच फोटो काढला. पाइप, नंबर, मासे, सगळं खिडकीत आलं होतं.

वही उघडली. तेवीस. काय? पेन टेकवलं आणि उचललं. ही वही चौघं वाचणार होते. रकाना मोकळा ठेवला आणि पुढच्या ओळीवर, चोवीसला, घरी येताना तारेवरच्या खंड्याचा फोटो काढून तो लिहिला. सत्तावीसपर्यंत उरकले आणि कॅमेरा ऑपरेटरच्या हातात दिला. त्यानं वही चाळली. "दादा, तेवीस मोकळा हाय."

"लिहीन नंतर," मी म्हटलं.

त्याला स्वतःच्या नऊ फोटोंची घाई नव्हती आणि भयंकर घाईही होती. गावाकडच्या त्यांच्या माळावर टिटवीनं अंडी घातली होती. चार अंडी, गोट्यांत गोट्यांसारखी. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं त्याच्याकडे धरतात, आणि ह्या वेळी तिनं बांधाच्या अगदी वर घातली होती. "बा म्हनतो यंदा भात बुडनार," तो हसत सांगायचा. रोल त्याच्याकडे चार आठवडे राहिला. दर सुट्टीला एस.टी.नं मनोरला, पुढे मिळेल ते, मग चालत. दोन फोटो, कधी एकच. इकडे माझी घालमेल. आत्याचा निरोप दोनदा आला. तो यायचा आणि मी विचारायचो, "किती झाले?" तो शांतपणे सांगायचा, "बत्तीस." पुढल्या आठवड्यात, "चौतीस. एक फुटलं दादा! चोच बाहेर हाय नुसती." मला त्याचा गळा धरावासा वाटायचा. एवढं तोंड भरून कुणी अंड्याबद्दल बोलत असेल तर माणूस काय करणार?

त्याच महिन्यात त्याचं नाव पर्मनंट व्हायच्या यादीत लागलं होतं. चार जणांत तो चौथा. एक तारखेला ऑर्डर मिळणार होती. बाप कोरडवाहू तुकड्यावर आणि पाऊस सरला की वीटभट्टीवर. त्या घरात पर्मनंट हा शब्द पहिल्यांदाच येणार होता. तो शब्द तो अजून मोठ्यानं उच्चारत नव्हता, दृष्ट लागेल म्हणून.

एका सोमवारी त्याची सेकंड शिफ्ट होती. रविवारी तो गावी होता, सोमवारी सकाळच्या गाडीनं निघाला, गाडी वाटेत बंद पडली आणि खोलीवर यायला वेळच उरला नाही. तो तसाच पिशवी घेऊन कंपनीच्या गेटवर आला. वॉचमननं पिशवी बघितली. आत भाकरीचं फडकं, करवंदं, वही आणि कॅमेरा.

आमच्याकडे कॅमेरा गेटच्या आत न्यायला बंदी होती. आगपेटीलासुद्धा बंदी होती, पण आगपेटी सापडली तर शिवी मिळे. कॅमेरा सापडला तर चौकशी. वॉचमननं कॅमेरा आणि वही कपाटात ठेवून कपाटाला सील म्हणून कागद चिकटवला. सिक्युरिटीचे साहेब रजेवर होते, गुरुवारी येणार होते. त्याला कामावर जाऊ दिलं.

मला हे काकांनी चहाच्या वेळी सांगितलं. "गुरुवारी साहेब रोल धुऊन बगनार म्हनतात. कंपनीचं काय काडलं असलं तर पोराची ऑर्डर गेली." आणि काका हसले. "कंपनीचं काय असनार? माज्या म्हशी."

तेवीस त्याच रोलमध्ये होता. चहा तसाच टाकून मी उठलो.

प्लँटमध्ये जाऊन मी त्याला गाठलं. तो मजेत होता. "दादा, बरंच झालं की! साहेब धुनार म्हंजे कंपनी धुनार. छत्तीसच्या छत्तीस पाखरं निगतील, साहेब खूश. मी सांगितलं वॉचमनला, धुवा, बिनधास्त धुवा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "छत्तीस झाला काल. चारी पिल्लं एकदम आली फोटूत. आय वर घिरट्या घालून वरडत होती."

मी म्हटलं, "छान."

सोमवार, मंगळवार, बुधवार. त्या तीन दिवसांत मी लॅबमध्ये तीन बाटल्या फोडल्या. पहिल्या दिवशी ठरवलं, साहेबांना सरळ सांगायचं: तेवीस माझा, याचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यात वकील शिरला. कॅमेरा त्याच्या पिशवीत सापडलाय. मी सांगितलं तरी ते म्हणणार, तुम्ही दोघं मिळून. माझी नोकरी जाईल आणि त्याची वाचणार नाहीच. हे मी बायकोलाही समजावून सांगितलं. ती तान्ह्याला मांडीवर घेऊन ऐकत होती. म्हणाली, "तुम्हाला त्याची काळजी आहे का स्वतःची?" मी तिच्यावर ओरडलो. ओरडलो, म्हणजे उत्तर तिला कळलंच असेल. आज सांगायला लाज वाटते पण सांगतो: मी घाबरलो होतो ते माझ्यासाठी. त्याच्यासाठीही, पण दुसऱ्या नंबरानं.

बुधवारी आत्या कंपनीच्या रस्त्यावर भेटली, डोक्यावर टोपली. "फोटू आला का?"

"रोल अजून संपायचाय," मी म्हटलं. मी सायकलवर टांग टाकली.

गुरुवारी अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. अकराचं सॅम्पल मी तसंच टेबलावर ठेवून गेलो. साहेब मिलिटरीतून आलेले, मिशीवाले, पण माणूस वाईट नव्हता. ऑपरेटर आधीच त्यांच्यासमोर उभा होता, हात मागे बांधून, धुतलेल्या शर्टात. टेबलावर कॅमेरा आणि साहेबांच्या हातात आमची वही. साहेब मोठ्यानं वाचत होते.

"एक. कोतवाल म्हशीवर. दोन. म्हैस, कोतवाल उडाला. तीन. म्हैस पाठमोरी." साहेबांनी मान वर केली. "हे कोण लिहितं?"

"काका, साहेब. फिटर," तो म्हणाला.

"आणि हे? कडुनिंब, सरावली. कडुनिंब, सरावली. कडुनिंब, पावसाळ्यात परत बघणे." साहेबांच्या मिशीखाली हसू आलं. पान उलटलं. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "तेवीस मोकळा का?"

मी म्हटलं, "तो माझा. लिहायचा राहिला."

"काय होतं?"

"आत्ता लक्षात नाही, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो पटकन म्हणाला, "पाखरूच असंल साहेब. आमी पाखरंच काडतो. धुवा ना तुमी."

"धुणारच आहे. पालघरला पाठवतो आत्ता शिपायाबरोबर." साहेबांनी कॅमेरा उलटसुलट केला. "हे उघडतं कसं? तुम्ही लॅबवाले ना? तुम्हीच शिकवलंत म्हणे सगळ्यांना. काढा रोल."

कॅमेरा माझ्या हातात आला.

मी ठरवलं होतं असं म्हणणार नाही. ठरवलं नव्हतं असंही म्हणवत नाही. अंगठा खालच्या बटणाकडे गेलाच नाही. पाठीची खिटी ओढली आणि कॅमेरा खिडकीसमोर उघडला. बाहेर वैशाखातला अकराचा उजेड होता. दांड्यावर गुंडाळलेला रोल, वरचा थर करडा, चकचकीत. त्या थरात छत्तीस होता. त्याच्या खाली पस्तीस, चौतीस. त्याची चार पिल्लं त्या क्षणाला जळली. माझा तेवीस आत होता, तेरा फोटोंच्या खाली. लगेच पाठ लावली असती तर त्याचे गेले असते आणि माझा कदाचित वाचला असता.

म्हणून मी पाठ लावली नाही. "अडकलाय," म्हटलं आणि दोन बोटांनी रोल ओढला. तो सरसर बाहेर आला, हातभर, दोन हात, पूर्ण. खिडकीतल्या उन्हात मी तो धरून उभा होतो.

"दादा," तो हळूच म्हणाला. "मागं फिरवला नाय."

साहेब म्हणाले, "काय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "काय नाय साहेब," तो म्हणाला. "निगाला रोल."

मी तो हातानं गुंडाळून डबीसकट साहेबांना दिला. संध्याकाळी शिपाई पालघरहून परत आला. छत्तीसच्या छत्तीस काळे. साहेबांनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि वही आम्हाला परत केली. म्हणाले, "खेळणं आहे हे. एक फोटो येत नाही. पुन्हा गेटच्या आत आणू नका." एवढ्यावर मिटलं.

एक तारखेला त्याला ऑर्डर मिळाली. त्यानं बोईसरच्या नाक्यावरून पेढे आणले, माझ्या बाळाच्या ओठांनासुद्धा लावले. बाप गावाहून आला होता, त्यानं ती ऑर्डर हातात घेतली आणि वाचता येत नसूनही बराच वेळ बघितली. तेवढ्या वेळात मला वाटलं, झालं ते बरंच झालं. मग म्हातारा मला म्हणाला, "पोरगा सांगं, टिटवीचं फोटू दावतो तुला. कुटं हायेत?" मी म्हटलं, रोल जळला. "आसं," तो म्हणाला. "उडालीबी ती आता."

आत्यालाही मी तेच सांगितलं, रोल जळला. गावातले चार जण मामलेदाराकडे जाऊन आले, नुसत्या तोंडी. नाला त्यानंतरही वाहत राहिला. मी सही करत राहिलो. आत्या पुढे बोय विकायला सरावलीकडे आलीच नाही. पालघरच्या बाजारात बसू लागली, तिथे सातपाटीची मासळी घेऊन.

ऑर्डरनंतरच्या रविवारी बैठक झाली. चटईवर मांडायला काही नव्हतं. काका शिव्या घालत होते, मला नाही, कॅमेऱ्याला. बॉयलरवाला म्हणाला, "आँख से तो देखा है ना." मग त्यानंच वही उघडली आणि एक एक नंबर वाचायचा आणि ज्याचा असेल त्यानं तो फोटो तोंडी सांगायचा, असं सुरू झालं. काकांनी म्हशी सांगितल्या, हातवारे करून. अठ्ठावीसपासून ऑपरेटरनं सांगितलं: टिटवी बसलेली, टिटवी उठली, अंडी, अंडी जवळून, टिटवीचा नर लांब उभा राहिला, टिटवी ओरडली, असं करत चोच, ओलं पिल्लू, चार पिल्लं. तो सांगत होता तेव्हा कुणी हललं नाही. मीसुद्धा नाही, बायको असती तर तिनं नोंद केली असती.

मधला तेवीस वाचताना तसाच ओलांडला गेला होता. त्यानं पेन काढलं. वही स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. "दादा, तेवीसला काय होतं? लिवून टाकू. मोकळा बरा नाय दिसत."

तिघं माझ्याकडे बघत होते. सांगायची तीच वेळ होती. पेढे झाले होते, ऑर्डर हातात होती, रोल उरला नव्हता. भीतीचं काही कारण उरलं नव्हतं.

"बगळा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. जरा जास्तच वेळ लिहिलं, त्याचं अक्षर सावकाश होतं. वही मिटली. ती वही त्या रोलबरोबर भरली होती, म्हणून तो ती घरी घेऊन गेला. नवी वही सुरू झाली.

रोल पुढेही निघाले, सात-आठ वर्षं. रोल मीच काढायचो. प्रत्येक वेळी, मी कॅमेरा हातात घेतला की तो शेजारी येऊन हळूच विचारायचा, "दादा, मागं फिरवला?" काका आणि बॉयलरवाला हसायचे, त्यांना ती थट्टा वाटायची. मीही हसायचो आणि चावी फिरवायचो. त्याच्या आवाजात थट्टा होती का, हे मी दर वेळी ऐकायचा प्रयत्न केला. मला कधी ठरवता आलं नाही.

नव्वद सालानंतर आम्ही पांगलो. बॉयलरवाला त्याच्या कडुनिंबाकडे गेला. काका निवृत्त झाले. मी नोकरी सोडून पालघरला आलो, शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवायचं दुकान टाकलं. तिथेही गल्ल्यावर बसवत नाही, नोकराला बसवतो. निघायच्या आदल्या दिवशी आमचा ऑपरेटर खोलीवर आला, तेव्हा तो शिफ्ट इन्चार्ज झाला होता. कागदात गुंडाळलेली ती जुनी वही माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ठेवा दादा. तुमीच शिकवलं."

मी ती बरीच वर्षं उघडली नाही. सामानाच्या पेटीत तळाशी ठेवली, तिथून कपाटात, कपाटातून माळ्यावर. परवा माळा साफ करताना हाती आली. उभ्या उभ्याच वाचली. कोतवाल म्हशीवर. म्हैस पाठमोरी. कडुनिंब, पावसाळ्यात परत बघणे. त्या रोलच्या छत्तीस ओळी, एकही फोटो नसलेल्या. खाली त्याच्या सावकाश अक्षरात टिटवी, अंडी, चोच, चार पिल्लं, आय ओरडते.

तेवीसच्या ओळीवर त्याचंच अक्षर. काय: बगळा. मी सांगितलं होतं ते. पुढचा रकाना, कुठे, मी सांगितला नव्हता आणि त्यानंही विचारला नव्हता. थर्ड शिफ्ट सुटली की तो ज्या रस्त्यानं खोलीवर यायचा, तो खाडीच्या कडेनं जात होता. त्या पहाटे मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो, मला मागचा रस्ता दिसत नव्हता. गेटवर "धुवा, बिनधास्त धुवा" म्हणताना तेवीस कुठला हे त्याला ठाऊक होतं, की साहेबांच्या खोलीत माझ्या हातातला रोल बघून उमगलं, ते मला कधीच कळणार नाही.

त्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: नाल्याच्या तोंडाशी.